चांदी पिवळी कशी?

आज लॅबमध्ये नव्या मुलांना सिल्व्हर नायट्रेटच्या बिनरंगी द्रावणात तुळशीच्या पानांचा अर्क टाकून दाखवला. हळूहळू पिवळं, मग कोऱ्या चहासारखं तपकिरी. "मॅडम, चांदी पिवळी कशी?" एकीने विचारलंच. अर्कामुळे द्रावणातल्या चांदीचे नॅनोकण तयार होतात; ते इतके बारीक की त्यांतले इलेक्ट्रॉन प्रकाशाने एकदम डोलतात आणि ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश शोषतात. कोणता प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरवर तिथेच शिखर उमटलं, तेव्हा कुठे तिला पटलं.

खरी मजा दुपारी आली. चांदीचा पातळ थर चढवलेली काचपट्टी काल ई. कोलाय जिवाणू पसरलेल्या अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) पालथी घालून ठेवली होती. आज तिच्याभोवती स्वच्छ कडं, तिथे जिवाणू वाढलेच नाहीत! थरातून सुटणारे चांदीचे आयन (विद्युतभारित अणू) जिवाणूंच्या प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतात आणि त्यांचं कामकाजच बंद पाडतात. पण मात्रा वाढली की आपल्या पेशींनाही सोडत नाहीत. म्हणून 'नॅनो सिल्व्हर' मोजे दिसले की मी आधी विचारते, धुतल्यावर ही चांदी जाते कुठे? (दुकानदार वैतागतात. वैतागोत बापडे.)

आपल्या पेशींना तो कितपत सोसतो ते बघायला उद्या तोच थर फायब्रोब्लास्टवर, म्हणजे त्वचेसारख्या ऊतींना आधार देणाऱ्या पेशींवर. पेशी वाढवायची कल्चर रूम सकाळी सातची मिळालीय, तेव्हा कमेंटना उत्तरं उद्या रात्री.