अँबॅसिडरने पसरणी घाट, आणि टेंपरेचरचा काटा कसा वाचायचा

मे महिन्यात बाबांच्या १९८५च्या मार्क फोर अँबॅसिडरने पुणे-महाबळेश्वर करून आलो. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, एसी नाही, गाडीत मी, बाबा आणि आई. जुनी गाडी घेऊन कोणी जाणार असेल तर त्यांच्यासाठी लिहितोय, कारण आमची गाडी वाचली ती बाबांनी काटा नीट वाचला म्हणून.

पहाटे साडेपाचला निघालो. खंबाटकीत काटा मधल्या खुणेच्या थोडा वर गेला आणि घाट संपल्यावर हळूहळू परत आला, म्हणजे सगळं ठीक. सुरूर फाट्याला वळलो, वाईत नाश्ता केला आणि तिथेच आमची चूक झाली, निघेपर्यंत साडेदहा वाजले. वाई साधारण ७०० मीटरवर आणि पाचगणी १३००च्या आसपास, हा सगळा चढ पसरणी घाटात एका दमात येतो, त्यात भर उन्हात पुढे लोड ट्रक, मग दुसरा गिअर आणि अर्धा क्लच.

काटा एचच्या (हॉट, म्हणजे गरम बाजू) जवळ जायला लागला. मी बाजूला घ्यायला जागा शोधत होतो तेवढ्यात तो झपकन खाली आला, पार सीच्या (कोल्ड, म्हणजे गार) बाजूला. मला वाटलं चला, वारा लागला. बाबा म्हणाले, "थांबव. आधी गाडी थांबव, जागा बिगा बघू नकोस."

बोनेट उघडलं तर इंजिनातून रेडिएटरला पाणी नेणारा वरचा होजपाइप क्लिपजवळ फाटलेला आणि पाणी सगळं बाहेर. मीटरचा सेंडर, म्हणजे तापमान मोजणारा भाग, हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) वरच्या बाजूला असतो आणि तो पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो, पाणी गेलं की तो नुसत्या हवेत राहतो आणि इंजिन भाजून निघत असलं तरी काटा खाली येऊ शकतो. अजून एक किलोमीटर रेटली असती तर हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनाच्या ब्लॉकमधलं सील) नक्की गेलं असतं. म्हणून हे लक्षात ठेवाच, उतारावर काटा सावकाश खाली येणं चांगलं, पण चढावर एकदम पडला तर जिथे असाल तिथे कडेला घेऊन इंजिन बंद करा.

पाऊण तास थांबलो, तोपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. प्रेशरखाली पाणी शंभरच्या वरही उकळत नाही आणि झाकण फिरवलं की एकदम उसळून अंगावर येतं, हात भाजलेले लोक मी पाहिलेत. मग पाइपचा फाटलेला इंचभर भाग ब्लेडने कापला, उरलेला परत चढवून क्लिप आवळली आणि पाणी थोडं थोडं ओतलं. तापलेल्या इंजिनात गार पाणी भसकन ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

पाचगणीला चहाला थांबलो, इंजिन बंद करून दोन मिनिटांनी चावी फिरवली तर काटा उलट वर गेलेला. याला घाबरू नका. पाणी फिरवणारा पंप थांबलेला असतो आणि हेडची उष्णता तिथल्याच पाण्यात उतरते. चढ संपल्यावर मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद केलं की हे कमी होतं.

जाण्याआधी एक काम घरी करा. आमच्या मीटरवर आकडे नाहीत, नुसतं सी आणि एच. गॅरेजवाल्या काकांनी इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) हाउसिंगवर धरला आणि ८२ अंशाला काटा जिथे होता तिथे काचेवर बारीक टिकली लावून दिली, आता प्रत्येक वेळी अंदाज बांधावा लागत नाही. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला बरेच जण देतात, तो ऐकू नका, इंजिन धड गरमच होत नाही आणि काट्याचाही अर्थ लागत नाही. आणि काही जुन्या गाड्यांत पेट्रोलचं आणि टेंपरेचरचं मीटर एकाच स्टॅबिलायझरवर (मीटरांना स्थिर व्होल्टेज देणारा भाग) चालतं, तिथे दोन्ही काटे एकदम वर चढले तर इंजिनाआधी तो स्टॅबिलायझर आणि त्याचं अर्थिंग तपासा.

ट्रकमागे अडकलात तर न्यूट्रल करून रेस थोडी वाढवा, कारण या गाडीचा फॅन बेल्टवर फिरतो, आयडलला वारा कमीच मिळतो. डिकीत दहा लिटर पाणी, दोन्ही होजपाइप, क्लिपा, फॅनबेल्ट आणि स्क्रू ड्रायव्हर हवाच. आणि वाई सकाळी आठच्या आत सोडा, नाश्ता पाचगणीला करा.