गाओकाओला कंटाळलं आणि लातूरला येऊन पडलं

2018 च्या जूनमध्ये आमच्या घरी एक चिनी पोरगं राहायला आलं. सोळा वर्षांचं, सिच्वान प्रांतातल्या चेंगदूचं. राहिलं जवळजवळ अख्खं शैक्षणिक वर्ष. एक्स्चेंज प्रोग्रॅम होता, म्हणजे पोरगं तिकडून येतं, इथल्या घरात घरच्यासारखं राहतं, इथल्या कॉलेजात जातं, आणि घरवाल्यांना त्याचे पैसेबिसे काही मिळत नाहीत (हे मुद्दाम लिहायलेय, कारण आमच्या अर्ध्या गल्लीला अजूनही वाटतं की आम्ही पेइंग गेस्ट ठेवला होता). त्याचं खरं नाव इथं टाकत नाही. सासूबाई त्याला बाबू म्हणायच्या, तेच चालवते.

आता गंमत अशी की ते पोरगं तिकडच्या परीक्षेला कंटाळून आलेलं. चीनमध्ये बारावीनंतर गाओकाओ असते, कॉलेजच्या प्रवेशाची परीक्षा. त्याच्या प्रांतात तेव्हा ती 7 आणि 8 जूनला असायची, 750 मार्कांची, आणि त्या दोन दिवसांवर पुढचं सगळं. बाबू ज्या वर्षी आला त्या वर्षी 97 लाखांच्या वर पोरं बसली होती. त्याची शाळा सकाळी सातच्या आसपास सुरू, मधे जेवण, रात्री परत सेल्फ स्टडी, खोलीवर यायला दहा. टेस्ट झाली की रँक भिंतीवर, आणि ह्याचा नंबर पन्नासेक पोरांत अडतिसावा. चिनी म्हणलं की गणितात हुशार असं आपल्याकडं सगळ्यांना वाटतं, ते डोक्यातून काढून टाका. तर आईबापाला वाटलं एक वर्ष पोरगं मोकळं राहू दे, जग बघू दे, योगाबिगा शिकू दे. आणि संस्थेनं त्याला पाठवलं कुठं, तर लातूरला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गावात पोरं शिकायला येतात म्हणजे पूर येतो. बोर्डाच्या मेरिट लिस्टा लागायच्या तेव्हापासून लातूर पॅटर्नचं नाव, आता सगळं नीट आणि जेईईचं. नांदेड, बीड, परभणी, पार विदर्भातून पोरं येऊन कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा खातात, आणि कितीतरी आया नवऱ्याला गावाकडं ठेवून इथं एक खोली करून पोराजवळ राहतात. ट्युशन एरियात संध्याकाळी बॅच सुटली की गाडी काय, माणूस पुढं सरकत नाही. आमचं स्वतःचं पोरगं तेव्हा अकरावीला, सकाळी सहाला फिजिक्स, मग कॉलेज, मग बायो, रात्री टेस्ट सिरीज. बाबूनं पहिल्याच आठवड्यात त्या रस्त्यावरून चक्कर मारली, सगळ्या इमारतींवर पोरांचे फोटो आणि मार्कांचे फ्लेक्स बघितले आणि घरी येऊन म्हणाला, आमच्याकडं आनहुई प्रांतात माओतानचांग म्हणून गाव आहे, सेम टू सेम. तिथंही म्हणे छोट्याशा गावात परीक्षेसाठी हजारो पोरं येतात आणि आया खोल्या भाड्यानं घेऊन सैपाक करतात. मी हसून हसून बेजार. बिचारा एवढ्या लांब पळून आला आणि तिथंच पोचला.

कागदपत्रांचं पटकन सांगते. तेव्हा परदेशी माणूस घरी ठेवला की 24 तासांच्या आत ऑनलाइन फॉर्म सी भरावा लागायचा, ते यजमानाचं काम, पाहुण्याचं नाही. आणि व्हिसा 180 दिवसांच्या वरचा असला तर आल्यापासून 14 दिवसांत त्याचं रजिस्ट्रेशन. आमच्या ह्यांनी फाईल केली आणि ते काम धरलं, मी सैपाकघर.

सैपाकाची मला लई धास्ती होती, तिखट कसं सोसेल म्हणून पहिल्या दिवशी वरणभात आणि बटाट्याची पिवळी भाजी केली. त्यानं बॅगेतून लाल मिरचीच्या तेलाची बाटली काढली आणि वरणावर ओतली. सिच्वानचं पोरगं ते, तिकडं तिखट आपल्यापेक्षा कमी नाही. वर एक बारीक फळासारखा मसाला आणलेला, दाताखाली आला की ओठ बधिर, कोकणातलं तिरफळ असतं ना त्याच कुळातला. दुसऱ्या दिवसापासून येसराची आमटी, ठेचा, शेंगाचटणी, सगळं सुरू. अडलं ते दुधाशी. दुधाचा चहा नको, दही नको, आणि मेमध्ये चाळीसच्या वर पारा असताना हे पोरगं थर्मासमधून गरम पाणी पिणार. फ्रीजकडं बघायचं नाही.

भाकरीवरून मात्र घरात मोठा प्रसंग झाला. सासूबाई चुलीपुढं बसून ज्वारीची भाकरी थापायच्या (गॅसवरची त्यांना चालत नाही, अंगणात चूल ठेवलीय), आणि बाबू शेजारी पाटावर बसून बघायचा. एके दिवशी त्यानं पिठाचा डबा उघडला, वास घेतला, मग कोपऱ्यातल्या पोत्यातली ज्वारी मुठीत घेऊन बघितली आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. म्हणाला हे आमच्याकडं पण असतं. सासूबाई खुश, म्हणाल्या विचार त्याला, तिकडं भाकरी करतात का कण्या. आमच्या पोरानं विचारलं. बाबू म्हणाला, नाही आजी, दारू काढतात. ते आता खरंच आहे, सिच्वानची बायज्यू जी नावाजलेली, ती बहुतेक ज्वारीचीच. पण सासूबाईंचा हात परातीतच थांबला. "अगं बाई, सोन्यासारख्या ज्वारीची?" नंतर पंधरा दिवस शेजारपाजारी हीच बातमी. आणि गंमत बघा, जेवायला बसलं की त्याला भाकरी जास्त वाढायच्या, जसं काही पोराला व्यसनातून सोडवायलेत.

पाण्याचं काही त्याला समजावून सांगावं लागलं. नळाला पाणी आठवड्यातून एखाद्या वेळी, म्हणून घरात निळे ड्रम रांगेनं. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं लातूरला, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते फोटो पोरानं त्याला दाखवले. बाबू बराच वेळ बघत बसला. त्याच्या गावाजवळ दुज्यांगयान म्हणून नदीचं पाणी वळवायची व्यवस्था आहे, बावीसशे वर्षांहून जुनी आणि अजून चालू. त्यामुळं पाणी रेल्वेनं आणतात हे त्याच्या डोक्यातच बसेना. पण अंघोळ एका बादलीत करायला मात्र आमच्या पोराच्या आधी शिकला, हे मी पोराला दहादा ऐकवलंय.

खरी दोस्ती जमली ती पेपरवरून. रात्री दोघं गच्चीवरच्या खोलीत. बाबूनं एकदा नीटचा जुना फिजिक्सचा भाग सोडवला. निम्मं आलं, उरलेलं अंदाजे गोळे रंगवून टाकलं. मग पोरानं निगेटिव्ह मार्किंग लावून मार्क काढले तेव्हा बाबू भांडायलाच उठला. चुकीच्या उत्तराला मार्क कापतात? का? तिकडं तसं नसतं. आणि तीन तासांत 180 प्रश्न, 720 मार्क, एका दुपारीत सगळा फैसला, हे त्याला भयंकर वाटलं, तर आमच्या पोराला त्यांचे दोन दिवस भयंकर वाटले. आणखी एक, तिकडं जिथली नोंद तिथूनच परीक्षा द्यावी लागते, त्यामुळं ज्या प्रांतात गर्दी जास्त तिथल्या पोरांचे हाल. ते ऐकून आमचं पोरगं म्हणालं म्हणजे डोमिसाइल. पुढं तासभर दोघं जागांच्या कोट्यावरून बोलत बसले. मला आपलं बरं वाटायलं. आमचं पोरगं दोन वर्षं आमच्याशी "हं", "हो", "नंतर" एवढंच बोलायचं, ते वरच्या खोलीत मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये एवढं बोलायलंय. खरं सांगते, मी जिन्यात उभं राहून ऐकलंय, आणि त्याला रँकची केवढी भीती वाटते हे मला तिथंच कळलं.

जानेवारीच्या सुरुवातीला येळवस (वेळा अमावस्या) आली. त्या दिवशी लातूर रिकामं असतं, कर्फ्यू लागल्यागत, सगळे शेतात. ट्युशनला सुट्टी, हे बाबूला पटेना, त्यानं दोनदा विचारलं की नक्की ना. कडब्याची कोप (खोपी), आत पांडव मांडलेले, भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर. आंबिलात ताक म्हणून मी त्याला देणार नव्हते, तो मागून मागून दोन तांबे प्याला आणि काही झालं नाही. संध्याकाळी हेंडगा (गवताचा पलिता) पेटवून शिवारात फिरवतात ना, त्याच्यामागं दोघं पोरं बांधावरून पळाली आणि बाबू ढेकळात पडला. गुडघा फुटला. त्याच्या आईला फोटो पाठवताना मी गुडघा कापला.

तो गेला 2019 च्या मेमध्ये. पोरांचं वीचॅट ह्या चिनी ॲपवर रोज चालायचं. मग 2020 उजाडलं, दोघांच्याही परीक्षा कोरोनानं पुढं ढकलल्या, त्याची 7 जुलैला, ह्याची मे मधली गेली 13 सप्टेंबरवर. आणि 29 जूनला आपल्याकडं त्या 59 ॲपवर बंदी आली, त्यात वीचॅट. सीमेवर जे झालं होतं त्यानंतर त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं, आणि आम्ही घरात बोललोही नाही. शुभेच्छा कशातरी पोचल्या, पण त्याचा निकाल लागायच्या सुमारास ॲप उघडायचंच बंद झालं. तिकडं व्हॉट्सॲप चालत नाही. शेवटी पोरानं जुन्या वहीतून त्याचा क्यूक्यूचा (तिकडची मेल सेवा) ईमेल शोधला, नुसते आकडेच आकडे, एक आकडा पुसट, तीन पत्त्यांवर पाठवला, एक पोचला. बाबूला बऱ्यापैकी कॉलेज मिळालं होतं, सिव्हिलला.

अजून मेल येतात. आमचं पोरगं एमबीबीएस होऊन सध्या इंटर्नशिप करायलंय आणि रात्री पीजीच्या नीटचे एमसीक्यू सोडवत बसतंय. बाबू नोकरीला लागून मोकळा झाला. गेल्या मेलमध्ये त्यानं विचारलंय, तुमच्याकडं गाओकाओ एकदाच असते असं तू म्हणाला होतास, मग ही कितवी?