खाऱ्या वाऱ्यातले कुरळे केस: आमची वाटचाल

दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या जवळ, आमच्या घराच्या पडवीत हा उद्योग चालतो. कुरळ्या केसांसाठी आम्ही खोबरेल आणि जवसाचं जेल बनवतो. शिवाय कोणी आलं तर त्यांचे केस बघून, धुण्यापासून वाळवण्यापर्यंत काय करायचं ते समोर बसवून दाखवतो. या शेवटच्या कामाचे पैसे घेत नाही, पण माझ्या लेखी तेच खरं काम.

त्याआधी सहा वर्षं मी मुंबईत एका पार्लरमध्ये केस सरळ करून देत होते. मुली यायच्या, कोणाचं लग्न ठरलेलं, कोणाची नोकरीची मुलाखत. केसातलं केराटिन हे प्रथिन गंधकाच्या बंधांनी जखडलेलं असतं. सरळ करणारं रसायन ते बंध तोडतं आणि केस ताणलेला असताना पुन्हा जोडतं. त्या केसाला जुना वळसा परत येत नाही. पण मुळातून येणारा नवा केस कुरळाच असतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे चार-पाच महिन्यांत वर कुरळे, खाली सरळ, आणि जोडाच्या जागी केस तुटायला लागतात. की मुलगी परत माझ्या खुर्चीत. काही ट्रीटमेंटमध्ये गरम इस्त्री फिरली की फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. त्या वाफेने माझे डोळे चुरचुरायचे, घसा बसायचा. माणसाला कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत त्याची गणना होते, हे मी खूप नंतर वाचलं.

2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि मी गावी आले. माझेही केस तोवर सरळच केलेले होते. दोन महिन्यांत मुळाशी वळसे दिसू लागले. आई म्हणाली, ‘बाय, आता हात नको लावूस. येतायत ते येऊदेत.’

मग 3 जूनला निसर्ग वादळ आलं. आमच्या वाडीतले साठांपैकी एकेचाळीस माड एका दुपारी आडवे झाले. पडलेल्या माडांवरचे तयार नारळ आम्ही वेचले, पण जूनमध्ये खोबरं वाळवायचं कुठे? चुलीवरच्या माळ्यावर पसरलं. ते तेल लाकडी घाण्यावरून आलं तेव्हा त्याला धुराचा वास होता. विकण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही दोघींनी स्वतःच्या केसांना वापरलं.

तिथून मी शिकायला लागले. कुरळ्या केसाला प्रत्येक वळणावर अडथळा असतो, त्यामुळे टाळूचं नैसर्गिक तेल टोकापर्यंत उतरत नाही. टाळू तेलकट आणि टोकं मात्र काथ्यासारखी कोरडी, ही तक्रार त्यातूनच येते. खोबरेलात लॉरिक नावाचं स्निग्धाम्ल जास्त असतं आणि ते केसाच्या आत शिरतं. खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना करणारं एक संशोधन 2003 साली प्रसिद्ध झालं. त्यात धुताना केसातून निघून जाणारं प्रथिन कमी केलं ते फक्त खोबरेलाने. म्हणून आम्ही तेल धुण्याच्या आधी लावायला सांगतो, तासभर, आणि मुख्यतः लांबीला. कोंडा असेल तर टाळूवर तेल नकोच, कोंड्याची बुरशी तेलावर पोसते. आणि काहींचे केस खोबरेलाने ताठ होतात. त्यांना मी सरळ सांगते, आमचं तेल घेऊ नका.

आजी जास्वंदीची पानं पाण्यात चुरून त्याचा बुळबुळीत रस केसांना लावायची आणि केस ओले असतानाच बोटांनी गुंता सोडवायची, टोकाकडून वर. कोरड्या केसांत तिने कधी फणी घातली नाही. आज कुरळ्या केसांच्या निगेत हेच पहिलं शिकवतात. कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांत रुंद दातांचा कंगवा, तोही खालून वर. आजी हे कुठे शिकली कोण जाणे, पण तिची वेणी कमरेपर्यंत होती.

जवसाचं जेल मी घरच्यासाठी करायचे. पाव कप जवस, दोन कप पाणी, सतत ढवळत उकळायचं, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच मलमलीतून गाळायचं, थंड झालं की मिळून येतं आणि गाळता येत नाही. ओल्या केसांना लावून मुठीत धरून वर दाबायचं. वाळल्यावर केस कडक वाटतात. घाबरू नका, तेलाचे दोन थेंब तळव्यावर चोळून तसंच मुठीने दाबलं की तो कडकपणा मोडतो आणि वळसे मऊ होऊन राहतात. मावसबहिणीने मागितलं, तिच्या मैत्रिणींनी मागितलं, आणि 2021 च्या एप्रिलपर्यंत आमच्या अडतीस बाटल्या बाहेर गेलेल्या होत्या. त्यात टिकाऊ द्रव्य, म्हणजे खराब होऊ नये म्हणून घालतात ते, काहीही नव्हतं, आणि मी ते अभिमानाने सांगत होते.

मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. कितीतरी दिवस वीज नव्हती. गिऱ्हाइकांच्या फ्रिजमधलं जेल आंबलं, काही बाटल्यांत काळी बुरशी धरली. एका ताईंनी ते वास न घेता लावलं आणि त्यांच्या टाळूवर पुटकुळ्या आल्या. मी अडतीसही घरी फोन केले, जेल फेकायला सांगितलं, पैसे परत दिले. त्या ताईंकडे जाऊन माफी मागितली. पाणी असलेली कोणतीही वस्तू आपल्या दमट हवेत टिकाऊ द्रव्याशिवाय विकणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोक्यावर प्रयोग करणं. तेव्हापासून कोणी ‘शंभर टक्के नैसर्गिक, काहीही न घालता’ असं जेल महिनाभर टिकतं म्हणालं की मला काळजी वाटते.

पुढचं दीड वर्ष विक्री बंद होती. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज घेतलं. ग्रामीण भागातल्या बाईला त्यात 35 टक्के अनुदान मिळतं आणि स्वतःचे फक्त 5 टक्के घालावे लागतात. पडवीला फरशी, जाळी, वेगळी मोरी. सौंदर्यप्रसाधनांचा परवाना अन्न व औषध प्रशासनाकडून काढला. जेलची आम्लता मोजायला शिकले, कारण टिकाऊ द्रव्य नेमक्या आम्लतेतच काम करतं. आता प्रत्येक खेपेतली एक बाटली तपासणीला जाते, अहवाल आल्याशिवाय बाकीच्या बाहेर पडत नाहीत.

इथल्या हवेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बाहेरून शिकलेली पद्धत किनाऱ्यावर जशीच्या तशी चालत नाही. दमट हवेत केसाच्या आतले पाण्याने जुळणारे बंध सतत सुटतात आणि पुन्हा जुळतात, म्हणून प्रत्येक केस आपापल्या दिशेने जातो आणि डोकं पिंजारतं. पावसाळ्यात ग्लिसरीन भरपूर असलेली क्रीम हवेतलं पाणी आणखी ओढतात. जुलैत ती बाजूला ठेवा. जवसाचं जेलही मुसळधार दिवसांत अर्ध्या दिवसात सैल पडतं, हे मी लपवत नाही. अशा दिवसांत ओल्या केसांना जेल, वर तेलाचा पातळ हात, सैल वेणी, आणि वाळल्यावरच सोडायची.

पाण्याचंही तसंच. समुद्राजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, आणि त्या पाण्याने केस राठ होतात. पावसात मात्र आपल्याकडे अंगणात मऊ पाणी पडत असतं! पहिले काही दिवस कौलांवरची घाण वाहून जाऊ दे, मग पागोळ्यांखाली पिंप ठेवा. शेवटचं खळबळणं त्या पाण्याने करा. हर्णैच्या बंदरावर मासे विकणाऱ्या एक काकू आमच्याकडे येतात. त्यांनी वर्षभर फक्त तीन गोष्टी बदलल्या: पिंपातलं पाणी, टॉवेलऐवजी जुना सुती पंचा, आणि रात्री डोक्याला सॅटिनचं कापड. आमची एक बाटलीही घेतली नाही. त्यांचे केस बघून मला जो आनंद होतो तो बाटल्या खपल्यावर होत नाही.

आठवड्याला एकदाच केस धुणाऱ्या बायका मोरीत पडलेला केसांचा पुंजका बघून रडवेल्या होऊन येतात. रोज पन्नास ते शंभर केस गळणं स्वाभाविक आहे. कुरळ्या केसांत ते वळशांत अडकून राहतात आणि धुताना एकदम सुटतात. हे सांगितलं की चेहरा लगेच मोकळा होतो.

आता आम्ही तिघी काम करतो. वादळानंतर लावलेले बाणवली जातीचे माड अजून फळाला आलेले नाहीत, म्हणून नारळ शेजारच्या वाड्यांतून घेतो. माझे सरळ केलेले केस 2022 च्या पावसाळ्यात शेवटचे कापले गेले. आईने पडवीतच कापले, कोरडेच, कारण ओला कुरळा केस लांब दिसतो आणि वाळला की वर चढतो. सध्या शिकेकाईचा सौम्य शाम्पू करून बघतो आहोत. सहा खेपा झाल्या, सातवी उद्या आहे.