अकरा नंबरच्या शोधात

बागेत भरलेल्या प्रदर्शनाच्या प्रवेशद्वारापाशी हातात घडी घातलेला एक कागद मिळाला. त्यावर बागेचा हाताने काढलेला नकाशा होता, पायवाट बारीक ठिपक्यांनी दाखवलेली, मधे मधे आकडे, आणि तळाशी एक ओळ : ‘कलाकृती उघड्यावर आहेत. काही जागच्या हलू शकतात.’ मला तो विनोद वाटला. त्या कागदावरचं सगळ्यात गंभीर वाक्य तेच होतं, हे नंतर कळलं.

निसर्गातून घेतलेल्या आणि इथंतिथं सापडलेल्या वस्तूंच्या कलाकृती, त्याही उघड्या आभाळाखाली. दालनातल्या प्रदर्शनात मी जरा अवघडते. तिथे चालायची एक रीत असते. हात पाठीमागे, चित्रापुढे ठरावीक वेळ थांबायचं, मान किंचित तिरकी करायची आणि शेजारचा माणूस अजून हलला नसेल तर आपल्यालाच काही दिसलेलं नाही की काय, या धास्तीने आणखी थोडं थांबायचं. उघड्यावर हे जमत नाही. चपलेत खडा जातो, ऊन डोळ्यांवर येतं. शिवाय आपल्याआधी एखादी माशी कलाकृतीवर बसून तिची सविस्तर पाहणी करून गेलेली असते.

पहिला नंबर एका बगळ्याचा होता. गंजलेली कुदळ, दोन कोयते, साखळीचे तुकडे, सगळं वेल्डिंगने जोडलेलं. लोक त्याच्याबरोबर फोटो काढून घेत होते. छान होता बगळा. पण छानच होता. शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून आपण जे करायचो, त्याचाच तो सुदृढ थोरला भाऊ. अशा कामात वस्तू फार लवकर आज्ञाधारक होतात, असं मला वाटतं. कुदळीची चोच झाली की कुदळ संपली. पिकासोने १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल, एवढ्या दोनच वस्तू एकमेकींना जोडून बैलाचं डोकं केलं. त्याची गंमत अशी की बैल दिसतो आणि सीटही सीटच राहते. डोळा दोघांमध्ये येरझाऱ्या घालत बसतो. इथला बगळा मात्र बगळा होऊन मोकळा झाला होता.

पुढे पाण्यातून वाहत आलेल्या लाकडांची कमान होती. एका झाडाला जुन्या किल्ल्या टांगल्या होत्या, त्या वाऱ्यावर किणकिणत होत्या. किल्ल्यांखाली मी बराच वेळ उभी राहिले. इतक्या किल्ल्या, म्हणजे तितकीच कुलपं कुठेतरी अडकून पडली असणार, हा विचार काही केल्या जाईना.

दहा नंबर सापडला. बारा नंबरही समोर दिसत होता. अकराचा पत्ता नव्हता.

नकाशाप्रमाणे तो दोघांच्या मधे, झाडांच्या दाटीत असायला हवा होता. मी शोधायला लागले आणि इथून पुढे त्या दुपारचा ताबा माझ्याकडे राहिला नाही. एका मुळाने जमिनीतली फरशी अलगद उचलून धरली होती. हा अकरा असेल का? बुंध्यावर वाळलेल्या अळिंब्या पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढत गेल्या होत्या. हा तर नक्कीच. एका कोपऱ्यात काळ्या रबरी पाइपचं वेटोळं पडलं होतं. टोकाशी पाण्याचा एक थेंब, पडू की नको करत लोंबत होता. त्या वेटोळ्याने मी खरोखर भारावले. सापाचा डौल आणि वर तो थेंब! तेवढ्यात एक माळी आला, त्याने ते वेटोळं खांद्यावर टाकलं आणि तो चालता झाला. कलाकृती जागच्या हलू शकतात, हे त्यांनी आधीच लिहिलं होतं म्हणा.

शेवटी अकरा नंबर सापडला. म्हणजे त्याची पाटी सापडली. गवतात खोचलेली छोटी लाकडी पाटी : ‘११. वर्तुळ. माध्यम : वाळलेली पानं, काटे. आकार : बदलता.’ पाटीसमोर गवत होतं. नुसतं गवत. देखरेखीला बसलेल्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, “परवा रात्री वारा फार होता. पहिल्या दिवशी छान दिसत होतं.” तिच्या आवाजात खेद नव्हता, तक्रार तर मुळीच नव्हती. पाटी काढून टाकायची का, असं तिने म्हणे कलाकाराला विचारलं होतं. उत्तर आलं, राहू दे.

या जातीच्या कलेत हे नवं नाही. अँडी गोल्ड्सवर्दी हा ब्रिटिश कलाकार पानं काट्यांनी टाचतो, बर्फाचे सुळके थुंकीने एकमेकांना चिकटवतो. ऊन आलं की काम वितळतं, वारा आला की उडतं आणि मागे उरतो फोटो. रॉबर्ट स्मिथसन या अमेरिकन कलाकाराने १९७० साली अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये काळे बेसॉल्टचे दगड आणि माती टाकून एक प्रचंड चक्राकार धक्का बांधला, सुमारे दीड हजार फूट लांबीचा. दोनेक वर्षांतच सरोवराचं पाणी चढलं आणि धक्का बुडाला. पुढची तीसेक वर्षं तो बहुतेक काळ पाण्याखालीच होता. या शतकाच्या सुरुवातीला दुष्काळाने पाणी ओसरलं, तेव्हा तो वर आला. काळ्या दगडांवर मिठाची पांढरी पुटं चढवून. मधल्या काळात तिथवर गेलेली माणसं काठावर उभी राहून नुसतं पाणीच पाहून परतली असतील. त्यांच्याबद्दल मला त्या गवतासमोर उगाच बंधुभाव वाटला.

शोधाशोध करताना आणखी एक गोष्ट झाली होती. पायवाटेच्या कडेला एक पांढरा खडा दिसला, कबुतराच्या अंड्याएवढा, एका बाजूला तांबूस रेघ असलेला. मी तो उचलला, बोटांनी पुसला आणि खिशात टाकला. यात विशेष काही नाही. माझ्या प्रत्येक कपड्याच्या खिशात काहीतरी असतंच : बी, पीस, गुळगुळीत काचेचा तुकडा, कशाचं ते न कळणारं स्प्रिंग. कपडे धुवायला टाकताना घरातली माणसं आधी माझे खिसे तपासतात आणि सापडलेल्या वस्तू काही न बोलता खिडकीत मांडून ठेवतात. त्या न बोलण्यात पुष्कळ बोलणं असतं.

माझ्या बचावासाठी मी एका पोस्टमनचं उदाहरण देते. फ्रान्समधल्या ओतरीव गावाचा फेर्दिनां शवाल. १८७९ साली टपाल वाटता वाटता तो एका दगडाला ठेचकाळला. दगडाचा आकार इतका चमत्कारिक होता की त्याने तो खिशात घातला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी जाऊन आणखी शोधले. आधी खिसे भरले, मग टोपली, मग हातगाडी. तेहतीस वर्षं त्याने ते दगड रचून एक अख्खा महाल उभा केला, स्वतःच्या हातांनी, रात्री दिव्याच्या उजेडात काम करून. गावकऱ्यांनी त्याला वेडा ठरवलं होतं. १९६९ मध्ये सरकारने तोच महाल संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केला. महालात त्याने आपल्या हातगाडीसाठीही एक कोनाडा ठेवलाय, आणि मला या गोष्टीत तोच सर्वांत जास्त आवडतो.

चंदीगडचे नेकचंद तर त्याहून धाडसी. ते सरकारी रस्ते निरीक्षक. नवं शहर वसवताना गावं पाडली गेली, त्यांच्या भंगाराचे ढीग पडले होते. ते फुटक्या बांगड्या, कपबशा, फरशांचे तुकडे, विजेचं जुनं सामान सायकलवरून जंगलातल्या एका मोकळ्या जागेत नेत राहिले. बांधकामाला मनाई असलेली जागा. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून किती वर्षं हे गुपचूप चाललं होतं! सत्तरच्या दशकात सरकारी माणसांना ते सापडलं, तेव्हा तिथे पुतळ्यांचं एक राज्यच उभं होतं. नियमाने ते पाडायला हवं होतं. १९७६ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. ल कॉर्ब्युझिए या वास्तुकाराच्या काटकोनी, आखीव शहराच्या कडेला, त्याच शहराने फेकलेल्या तुकड्यांचं हे वाकडंतिकडं राज्य.

पण या धंद्यातला मूळ पुरुष माणूस नव्हेच. ऑस्ट्रेलियातला बॉवरबर्ड नावाचा पक्षी. त्याला कुंजपक्षी म्हणूया. नर काटक्यांचा एक मंडप बांधतो. घरटं नव्हे, घरटं मादी वेगळीकडे, एकटीच करते. हा मंडप फक्त तिला दाखवण्यापुरता. सॅटिन जातीच्या नराला निळ्याचं वेड : निळी पिसं, फुलं, आणि माणसाची वस्ती जवळ असेल तर बाटल्यांची निळी झाकणं, निळे चिमटे. शेजाऱ्याच्या मंडपातून चोरायलाही तो कमी करत नाही. त्याच्या एका मोठ्या भाऊबंदाची तऱ्हा आणखी निराळी आहे. तो मंडपासमोरच्या अंगणात खडे आणि हाडं मांडतो, जवळ लहान, लांब मोठी, अशा चढत्या क्रमाने. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी हा क्रम मुद्दाम उलटा करून पाहिला. पक्ष्याने काही दिवसांतच सगळं पुन्हा आपल्या मनासारखं लावलं. कुठला खडा कुठे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हे सगळं डोक्यात घोळवत, खिशातल्या खड्याशी बोटांनी चाळा करत मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले. कागद पुन्हा उघडला, सगळं पाहून झालं ना याची खात्री करायला. पाच, सात. मधला सहा नव्हताच. नकाशावर सहाचा आकडा कुठेही नाही. कागद उलटला, तर मागे बारीक अक्षरांत यादी होती : ‘६. वाट. माध्यम : पांढरे खडे, शंभर पावलांवर एक. संपूर्ण बागेत.’

ते नकाशावरचे ठिपके!

मला हे सुचायला हवं होतं. रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलाकाराने १९६७ साली एका कुरणात एकाच रेषेत जा-ये, जा-ये करून गवतात वाट पाडली होती, आणि ती वाट हीच त्याची कलाकृती होती. हे मला माहीत आहे, मी ते लोकांना सांगतेही. आणि मी त्या वाटेवरून, वाट कुठाय म्हणत, वाटेचाच एक तुकडा खिशात घालून आले होते. सापडलेली वस्तू म्हणून! कुणीतरी शंभर पावलं मोजून, खाली वाकून, तो तिथे ठेवला होता.

उठले आणि आत गेले. देखरेखीच्या मुलीला सांगायचा धीर झाला नाही. ती अकरा नंबरच्या गवताशेजारी पुस्तक वाचत बसली होती. आधीचा पांढरा खडा शोधला, तिथून पावलं मोजत निघाले. पण कुणाची शंभर पावलं? त्याची की माझी? माझी शंभर पावलं एका झुडपातच संपली. मग पुढचा खडा शोधून उलटं मोजत आले, तर तिसरीच जागा निघाली. शेवटी दोन्हींच्या मधे जरा मोकळी माती दिसली, तिथे उकिडवी बसले आणि आजूबाजूला कुणी नाही असं पाहून खडा ठेवला.

ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. तांबूस रेघ वर होती की खाली, ते मात्र काही केल्या आठवेना.