ऑक्सिमीटर म्हणत होता ९८

मी स्वित्झर्लंडमध्ये वालिस कँटनच्या (म्हणजे इथल्या राज्याच्या) वरच्या टोकाला, गोम्स नावाच्या खोऱ्यात स्पिटेक्समध्ये काम करते. स्पिटेक्स म्हणजे घरी येऊन नर्सिंग करणारी सेवा, छोटी गाडी, टॅबलेट, आणि त्यात पाच-पाच मिनिटांचा हिशोब. नवरा खाली फिस्पला फार्मामध्ये आहे म्हणून आम्ही इकडे आलो, माझी नाशिकची नर्सिंगची डिग्री रेड क्रॉसकडून मान्य करून घेण्यात बराच वेळ गेला, असो. सकाळचं मुख्य काम म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या पायात कॉम्प्रेशन स्टॉकिंग, म्हणजे पाय घट्ट आवळणारे मोजे, चढवणं, ऐकायला सोपं वाटतं पण करून बघा.

ऑक्टोबर संपत आला की या खोऱ्याचा नूरच बदलतो. गाई सप्टेंबरातच वरच्या कुरणांवरून खाली आलेल्या असतात, लार्चची झाडं पिवळीधम्मक होऊन सुया गाळायला लागतात, खिडक्यांमधले जिरेनियम आत जातात, रस्त्याच्या कडेला उंच काठ्या रोवल्या जातात म्हणजे बर्फ पडल्यावर प्लाऊवाल्याला रस्ता कुठे आहे ते कळावं, आणि गॅरेजमध्ये विंटर टायरसाठी ही गर्दी. हॉटेलं बंद, कारण उन्हाळ्याचे टुरिस्ट गेले आणि स्कीवाले अजून यायचेत. मग एके दिवशी फुर्का, ग्रिमझेल आणि नुफेनेन, तिन्ही घाट बंद. फुर्का २,४२९ मीटरवर, तिथे हिवाळ्यात गाडी नेणं विसराच. आता ओबरवाल्डहून रेल्वेवर गाडी चढवून बोगद्यातून पलीकडे जाता येतं, पण तो १५.४ किलोमीटरचा बोगदा १९८२ मध्ये झाला, त्याआधी हिवाळ्यात वरच्या अंगाने बाहेर पडायची सोयच नव्हती. त्यामुळे इथल्या जुन्या माणसांच्या अंगात तयारी भिनलेली आहे. लाकडं, बटाटे, चीज, सगळं भरून ठेवायचं आणि घर घट्ट बंद करायचं.

तर म्युन्स्टरच्या जवळच्या एका गावातले माझे पेशंट, एक आजी-आजोबा, दोघंही ऐंशीच्या पुढचे. आजोबांच्या पायाला स्टॉकिंग, आजीचं बीपी आणि गोळ्या. घर काळ्या पडलेल्या लार्चच्या लाकडाचं, छत इतकं खाली की नवऱ्याला तिथे वाकून फिरावं लागेल, आणि बैठकीच्या खोलीत दगडी शेगडी. इथे त्यासाठी गिल्टस्टाइन नावाचा दगड वापरतात, तापायला वेळ लागतो पण मग रात्रभर ऊब देतो, लाकडं मात्र मागच्या स्वयंपाकघरातून घालायची. दगडावर बांधणाऱ्याची अक्षरं आणि साल कोरलेलं. आजोबांना त्या शेगडीचा प्रचंड अभिमान.

त्या दिवशी रात्रीत पहिला बर्फ पडला होता, बाहेर उणे सहा. दाराशेजारच्या छोट्या सेफमधून किल्ली काढून आत गेले. एरवी आजोबा दारातूनच ओरडतात की उशीर झाला, मी वेळेवर असले तरी. आज काहीच नाही. आजोबा टेबलाशी डोकं धरून बसलेले, आजी शेगडीच्या बाकावर, कॉफीसुद्धा केलेली नाही, आणि या घरात कॉफी नाही म्हणजे मामला गंभीर. आजोबा म्हणाले ग्रिपे झालाय, फ्लू, मागच्या आठवड्यात डॉक्टरने सुई टोचली ना, तिचाच प्रताप. रात्री उलटी झाली, डोकं फुटतंय. आजीचंही तेच.

थर्मामीटर लावला, ३६.४. ताप नाही. ऑक्सिमीटर, आजोबा ९८, आजी ९८. मस्त आकडा. पण आजीची नाडी ११० च्या वर, आणि तिने मला विचारलं की थडग्यावर ठेवायची शेवंती आणली का (१ नोव्हेंबरला सगळे कबरींवर फुलं आणि दिवे ठेवतात), मी म्हटलं ती तुमचा मुलगा आणणार आहे, आणि दोन मिनिटांनी तोच प्रश्न, त्याच शब्दांत. ही बाई मला एरवी सगळ्या नातवंडांचे वाढदिवस पाठ म्हणून दाखवते.

एकाच रात्री, एकाच घरात, दोघांना डोकेदुखी आणि उलटी, ताप नाही, आणि आता माझीही कानशिलं ठणकायला लागलेली. डोक्यात एकदम नाशिकच आलं. आपल्याकडे दर थंडीत पेपरात येतं बघा, बंद बाथरूम, गॅस गीझर, आणि आत माणूस गेलेला. कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, धूर नाही. आणि बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे चक्क फसतो, कारण हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो आणि मशीनला ते रक्तही ऑक्सिजन भरलेल्या रक्तासारखंच लालभडक दिसतं. म्हणजे ९८ हा आकडा खरा नव्हताच. पुस्तकात लिहितात की पेशंट गुलाबी दिसतो, मला तर दोघंही पांढरेफटक दिसत होते.

खिडकी उघडायला गेले तर आत अजून एक खिडकी. जुन्या घरांना हिवाळ्यासाठी जादा तावदानं लावतात, ती मुलाने रविवारी बसवलेली, कडांना नवी फेल्टची पट्टी, फट म्हणून कुठे नाही. कशीबशी उघडली तर आजोबा भडकले, ऊब जाईल, लाकडं काय फुकट येतात का! मी म्हटलं आजोबा बाहेर चला, तर म्हणे बर्फात? १९७० च्या फेब्रुवारीत याच खोऱ्यातल्या रेकिंगनला हिमस्खलनात ३० माणसं गेली, तेव्हा हे तिथे फावडं घेऊन खणत होते, त्यांच्या दृष्टीने धोका असतो तो डोंगरावरून येतो, घरातून नाही. शेवटी मी खोटंच सांगितलं की आजीला चक्कर येतेय, तिला बाहेर न्यायला हात द्या. तेव्हा उठले.

समोरचा शेजारी गोठ्यात दूध काढत होता, त्याच्याकडे नेलं. खरं सांगते, त्या वेळी त्या गल्लीत त्याहून उबदार आणि हवेशीर जागा नव्हती. गवताच्या गाठोड्यांवर दोघांना बसवलं, ब्लँकेट टाकलं, १४४ लावला, हा इथला अँब्युलन्सचा नंबर. पलीकडच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, घरात अजून कोणी आहे का, आणि दुसरं वाक्य, आता तुम्ही आत जायचं नाही. ढग इतके खाली आलेले की हेलिकॉप्टरचा प्रश्नच नव्हता, अँब्युलन्स रस्त्यानेच येणार होती, पण त्याआधी गावची फायर ब्रिगेड आली, म्हणजे प्लंबर, सुतार आणि शाळेतला मास्तर, युनिफॉर्ममध्ये. त्यांचं मीटर उंबऱ्यातच किंचाळायला लागलं. ते ऐकून आजोबा पहिल्यांदा गप्प झाले.

अँब्युलन्समध्ये दोघांना मास्क, शंभर टक्के ऑक्सिजन. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. फिस्पच्या हॉस्पिटलात आजीच्या रक्तातल्या या वायूचा आकडा आला तेव्हा तो चोवीस टक्के होता, मधले सगळे तास जाऊनसुद्धा. माझंही रक्त तपासलं, थोडंसंच होतं, दुपारपर्यंत डोकं थांबलं. माझे उरलेले पेशंट कलीगने केले, तिला अजून केक द्यायचा आहे.

कारण निघालं ते असं. आजोबा रात्री शेगडी भरायचे आणि निखारे धगधगत असतानाच धुराड्याची झडप लावून टाकायचे, ऊब सकाळपर्यंत राहावी म्हणून. त्यांचे वडीलही तेच करायचे म्हणे. तेव्हा खिडक्यांना फटी होत्या, वारा आत यायचा, निभावून गेलं. यंदा फेल्टची पट्टी लागली.

दोघं दोन रात्रींनी घरी आली, शेवंती मुलाने आणलीच होती. धुराडं साफ करणाऱ्याने झडपेचा एक तुकडा कापून टाकला, आता ती पूर्ण बंदच होत नाही, आणि मुलाने छताला अलार्म लावला. आजी मला निघताना हातात चीजचा तुकडा कोंबते. आजोबांचं म्हणणं वेगळं आहे. झडप कापल्यामुळे शेगडी पहाटे चारलाच गार होते, उठून लाकूड घालावं लागतं, आणि या हिवाळ्यात किती लाकूड जास्त जळणार याचा हिशोब ते मला स्टॉकिंग चढवेपर्यंत ऐकवतात.