पुरातली पंगत

2024 च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात फतेगंजच्या बाजूला एका चर्चच्या आवारातल्या वसतिगृहाची मेस माझ्याकडे होती. एरवी मी रावपुऱ्यातून डबे चालवते. मंगळागौर, मुंज, श्राद्ध, जे येईल ते घेते. हे काम ओळखीतून आलं. झारखंडकडच्या एका लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरला मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, सेमिनरीतली मुलंमुली फील्डवर्कसाठी बडोद्याला आली होती, सोबत त्यांचे एक सर. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, त्यांच्या मुलखातले कामगार आहेत. त्यांच्या खोल्यांवर जायचं, पगार वेळेवर मिळतो का, आजारपणात कोण बघतं याची चौकशी करायची, रविवारी त्यांच्याबरोबर उपासना करायची, असं एकंदर काम. सेमिनरी म्हणजे पाद्री घडवायची शाळा, एवढंच मला ठाऊक. ती मुलं पहाटे उठून आवार झाडतात, संडास घासतात आणि कुणाची पाळी कधी ते फळ्यावर लिहिलेलं असतं, हे तिथे गेल्यावर पाहिलं. सरांचंही नाव होतं फळ्यावर. भांडी घासण्यात.

सुरुवातीला आमचं जरा वाजलंच. बडोद्याच्या आमटीत गुळाचा हात सैल असतो. मुलांनी ती खीर वाढल्यासारखी ताटाच्या कडेला सारली. त्यांना तिन्ही त्रिकाळ भात हवा, पोळी म्हणजे शिक्षा. वर मिरची मागायची. भाताची पेज मी मोरीत ओतायला गेले की एक मुंडा मुलगी काही न बोलता पातेलं माझ्या हातातून काढून घ्यायची. मग मीठ घालून सगळे ती पेज वाटीवाटीने प्यायचे. मुंडा, उरांव, खडिया अशी निरनिराळ्या जमातींची मुलं. आपसात सादरी बोलीत बोलायची, माझ्याशी हिंदीत. सर सांगत, 1845 च्या नोव्हेंबरात बर्लिनच्या गोस्नर यांनी पाठवलेले चार मिशनरी रांचीला पोचले, तिथून त्यांचं चर्च सुरू झालं, आणि 1919 पासून ते तिथलेच लोक चालवतात. कुणी काय केलं ते वर्षासकट सांगायची सरांना सवय होती. मला ती आवडायची, कारण मीही कुठल्या लग्नात किती लाडू उरले ते वर्षासकट सांगते.

गोकुळाष्टमीला, 26 तारखेला, पावसाने जे धरलं ते सोडेना. रात्री घरी जायला रिक्षा मिळाली नाही म्हणून कोठीच्या खोलीत पथारी टाकली. मंगळवारी सकाळी विश्वामित्री नदीने 25 फुटांची धोक्याची खूण ओलांडली. आजवा धरणाचं पाणी वरून येतच होतं. काळाघोड्याचा पूल बंद झाला. माझं घर पलीकडे, मी अलीकडे. घरी फोन केला तर मुलगा म्हणाला, “आई, इथे सगळं ठीक आहे, तू तिथेच थांब.” थांबले नसते तर काय पोहत गेले असते?

बुधवारी पाणी 35 फुटांच्या वर गेल्याचं कुणाच्या तरी मोबाइलवर कळलं. तोवर वीज गेलेली, गच्चीवरच्या टाकीत होतं तेवढंच पाणी. आमची इमारत उंच जोत्याची, सभागृह पहिल्या मजल्यावर. नदीकाठच्या वस्तीतली माणसं मंगळवारी रात्रीपासूनच यायला लागली होती. सकाळी आसपासच्या सोसायट्यांच्या तळमजल्यांवरचीही आली. मुलांनी बाकं भिंतीला लावली, सतरंज्या पसरल्या, बायकांना खिडकीकडची बाजू दिली. दुपारपर्यंत दीड-दोनशे डोकी झाली असतील.

माझं महिन्याचं रेशन नुकतंच भरलं होतं, हे नशीब. खिचडीचा हिशोब हाताशी असतो: माणशी 100 ग्रॅम तांदूळ, त्याच्या निम्मी डाळ, म्हणजे शंभर माणसांना 10 किलो तांदूळ, 5 किलो डाळ. पाणी टाकीतलं, ते उकळूनच. गॅसचा 19 किलोचा एक सिलिंडर भरलेला, एक अर्धामुर्धा. दोन वेळा निघतील, तिसऱ्या वेळेचं नंतर बघू.

त्या दिवशी मेसची पाळी एका लांबुडक्या, गप्प मुलाची होती. तो उजाडायच्या आत उठून कांदे चिरायला बसला होता. मी उठले तेव्हा डोळे लाल, नाक वाहतंय आणि पुढ्यात घमेलंभर कांदा. त्याच सुमारास बोटीतून एका आजींना आणलं. जवळच्याच चाळीत एकट्या राहणाऱ्या, मराठी. हातात पंच्यात गुंडाळलेला देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. परवाच त्याचा जन्म करून सुंठवडा वाटला होता म्हणे. माझं बोलणं ऐकून जरा सैलावल्या. मग हळूच म्हणाल्या, “अगं, चातुर्मास आहे माझा. कांदा-लसूण नाही चालत. आणि इथे... तसलं काही शिजतं का गं?”

“आजी, भांडी माझी आहेत, रावपुऱ्याहून आणलेली. रविवारची अंडी त्यांच्या वेगळ्या पातेल्यात होतात. कांदा पडणार नाही.”

एवढं बोलून मी खाली आले आणि त्या मुलाला सांगितलं, खिचडी बिनकांद्याची. तो घमेल्याकडे बघत राहिला. दोघातिघांनी हुज्जत घातली: एका आजीसाठी सगळ्यांची चव का मारायची, त्यांना वेगळं काढा की. खरं तर एकट्या आजीच नव्हत्या, स्वामिनारायणवाली दोन-तीन घरंही होती, पण ती बोलली नव्हती. मी म्हटलं, दोन चुली लावायला गॅस तुमचा बाप देणार का? सर जिन्यात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “बायबलातलं करिंथकरांस पहिलं पत्र, आठवा अध्याय. अन्नावरून दुसऱ्याला अडखळण होत असेल तर पौल काय म्हणतो? परीक्षेत लिहिलंय सगळ्यांनी, मार्कही घेतलेत. आता शिजवा तो.” हुज्जत तिथेच संपली. त्या मुलाने कांद्यावर ओलं फडकं टाकून घमेलं बाजूला ठेवलं आणि तोंड धुऊन बटाटे सोलायला बसला.

मगर दिसली ती साधारण याच वेळी. फाटकाशी, स्कूटर लावतात तिथे, पाण्यात नुसतं नाकाडं आणि डोळे. आम्हा बडोदेकरांना मगरी शेजारणीच. विश्वामित्रीत त्या कायमच्या आहेत आणि पूर आला की फिरायला निघतात. वनखात्याने त्या तीन दिवसांत वस्तीतून दोन डझन मगरी पकडल्या, हे पुढे पेपरात आलं. पण जंगलाच्या गप्पा मारणारी ही रांचीकडची मुलं एका उडीत जिन्यावर! वस्तीतली पोरं त्यांना दिवसभर हसत होती. आमची मगर कुणी धरायच्या आधीच निघून गेली.

दुपारच्या पंगतीला दोन तरुण आले. जेवायला नव्हे. दारात उभं राहून सगळीकडे नजर फिरवली आणि मलाच विचारलं, “जमाडो छो ए बराबर, पण पछी प्रार्थना करावशो ने?” म्हणजे जेवू घालता ते ठीक, पण नंतर प्रार्थना करायला लावाल ना? बोलणं उद्धट नव्हतं. हसत नव्हते एवढंच.

सरांनी मंगळवारी रात्रीच मुलांना बसवून नियम घातले होते. सभागृहात गाणं नाही, पुस्तिका नाही, कुणाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना नाही. स्वतःची उपासना गच्चीच्या जिन्यात, हळू आवाजात. गुजरातेत 2003 पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे, 2021 मध्ये तो आणखी कडक झाला. बळजबरी, फसवणूक आणि प्रलोभन, या तिन्हींनी धर्मांतर करवणं गुन्हा. धर्मांतर कुणाच्या मनात नसलं तरी उपाशी माणसाला दिलेली खिचडी प्रलोभन ठरवायला कितीसा वेळ लागतो? पेज काढून घेणारी ती मुलगी त्या बैठकीत तडकली होती. म्हणाली, “मग आपण कोण आहोत ते लपवायचं का?” सर म्हणाले, “बोर्ड फाटकावर आहे, तो कुणी काढलेला नाही. पण तो ताटात वाढायचा नाही.” तिला ते पटलं नव्हतं. मलाही अर्धंच पटलं. गुरुद्वाराच्या लंगरात बसून जेवताना वाढणाऱ्याला कुणी हा प्रश्न विचारत नाही. यांनी मात्र आधी उत्तर तयार ठेवायचं आणि मग डाळ भिजवायची. पण सरांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. सोबत पंचवीस पोरं, घर दीड हजार किलोमीटरवर, आणि व्हिडिओ निघायला दोन मिनिटं.

सर पुढे व्हायच्या आत मी पळी हातात घेऊन म्हटलं, “भाई, रसोई में करी छे. दांडियाबाजारनी छुं. बेसा, जमा.” स्वयंपाक मी केलाय, मी इथलीच दांडियाबाजारची, बसा, जेवा, असं. गुजरातीत मराठी घुसलं, पण कळलं त्यांना. आजींनी कोपऱ्यातून बघितलं आणि खणखणीत आवाजात मराठीतच म्हणाल्या, “अरे, बिनकांद्याची आहे, बसा!” त्यातला एक बसला. जेवताना त्याने विचारलं, प्यायचं पाणी किती आहे? मी खरं सांगितलं. संध्याकाळी तो कुठून तरी पाण्याचे जग ट्यूबवर ढकलत घेऊन आला. दुसरा मात्र दाराशी उभा राहून शूटिंग करत होता, बॅटरी संपेपर्यंत.

गॅस माझ्या अंदाजाआधी संपला. पाणी उकळण्यात गेला. इथे मुलांनी कमाल केली. मागच्या व्हरांड्यात पाऊस येत नव्हता, तिथे विटा रचून तीन चुली मांडल्या. मोडकं कपाट फोडून लाकडं केली. ओलं लाकूड धुमसायला लागलं की कुठल्या बाजूने फुंकायचं हे त्या मुलींना जन्मतः ठाऊक. मी गॅसवर वाढलेली बाई, नुसतं खोकत होते. चुलीवर खिचडी बुडाशी लागते म्हणून त्यांनी सरळ भात टाकला आणि पेज काढली. वस्तीतल्या तीन-चार पोरांना जुलाब सुरू झाले होते. त्यांना मीठ घातलेली कोमट पेज थोड्या थोड्या वेळाने पाजायचं काम त्या मुंडा मुलीने स्वतःकडे घेतलं. कुणाला किती वाट्या दिल्या ते ती हातावर पेनाने रेघा मारून ठेवत होती. आजींनीही रात्री भात नको म्हणून पेजच घेतली, वर दोन थेंब तूप मागून. तूप होतं.

जेवणं आटोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात आम्ही उद्याची डाळ निवडत बसलो. सरही होते. मी म्हटलं, तुमच्या लुथरसाहेबांना असल्या भानगडी नसतील, ते लिहीत बसले असतील. तर सरांनी त्यांच्या बायकोचीच गोष्ट काढली. काथारीना फॉन बोरा. मठातून पळालेली जोगीण. 1525 मध्ये लुथरशी लग्न झालं. व्हिटेनबर्गमधला रिकामा पडलेला जुना मठ हेच त्यांचं घर. ते तिने चालवायला घेतलं. विद्यार्थ्यांना पैसे घेऊन राहायला-जेवायला ठेवायची, गुरं-डुकरं पाळायची, मळा बघायची, बीअर घरी गाळायची. 1527 मध्ये गावात प्लेग आला. विद्यापीठ येनाला हललं, लुथर राहिले. ज्यांच्यावर दुसऱ्यांचा भार आहे त्यांनी जागा सोडून पळू नये, असं त्यांनी त्यावर पत्रही लिहिलं. आणि घराचा दवाखाना झाला. काथारीनाला तेव्हा दिवस गेलेले होते. जेवणाच्या टेबलावर लुथर जे बोलत ते मुलं वहीत उतरवून घेत, पुढे ते छापूनही निघालं.

“आणि त्या दिवशी जेवायला काय होतं, ते लिहिलंय का?” मी विचारलं.

सर हसले, पण उत्तर दिलं नाही. तो लांबुडका मुलगा म्हणाला, “मुझे भी यही पूछना था.” दिवसभरातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य.

गुरुवारपासून पाणी उतरायला लागलं. चिखलाचं काही सांगत नाही. ज्यांनी बडोद्याचा चिखल काढला त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगून वास येत नाही. आजींना त्यांचा पुतण्या घेऊन गेला. त्या गेल्यावर मी घमेल्यावरचं फडकं काढलं. वरचा कांदा सुकला होता, खालचा बरा होता. बेसन घालून भजी केली. गाळ उपसायला आलेल्या मुलांनी उभ्याउभ्या संपवली, पाणीवाला तरुणही त्यांच्यातच होता.

जायच्या आधी लांबुडका मुलगा वही घेऊन माझ्याकडे आला. फील्डवर्कचा अहवाल सेमिनरीत द्यायचा होता आणि त्याच्या तक्त्यात ‘कार्यक्रमाचे नाव’ असा रकाना होता. सर म्हणाले होते, तुम्हीच ठरवा. मुलांचं एकमत होत नव्हतं. कुणी ‘पूर मदत’ म्हणत होतं, कुणी ‘दिआकोनिया’, म्हणजे त्यांच्यात सेवेला म्हणतात ते. तो रकाना त्याने कोराच ठेवला आणि मला तांदूळ, डाळ, तेल, लाकडं विचारायला लागला. मी माझी वही काढून आकडे सांगत गेले, तो लिहीत गेला. शेवटी म्हणाला, “कांदा कुठल्या दिवसात धरू? चिरला बुधवारी, खाल्ला गुरुवारी.”

म्हटलं, बुधवारातच धर. रडलास बुधवारी.