आठशे रुपयांचा नेचा: अंजनेरी, सिन्नर आणि एकलहरे

आमच्या हॉलच्या शोकेसमध्ये गणपती आणि पोराच्या क्रिकेटच्या कपाच्या मधे एक दगड आहे. तळहाताएवढी फिकट पिवळी फरशी आणि तिच्यावर काळी नाजूक नक्षी, हुबेहूब नेच्याची पानं. सात-आठ वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात स्टॉलवर घेतलेला, विकणारा म्हणाला साहेब तीस कोटी वर्षांपूर्वीचं फर्न आहे, ओरिजिनल फॉसिल, आणि मी बाराशेचा आठशेला पाडला म्हणून वर घरी येऊन फुशारकी पण मारली. पाहुणे आले की हातात द्यायचो. पाहुणे बिचारे "अरे वा" म्हणायचे.

श्रावणात भाचा आला चंद्रपूरहून. बहीण तिकडे दिलेली, पोरगा नागपुरात एमएस्सीला, वनस्पतींचे जीवाश्म हा विषय. मी चहाच्या आधीच दगड पुढे केला. त्याने खिशातून भिंग काढलं (खिशात भिंग घेऊन फिरतात ही माणसं), दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मामाजी, शीर कुठाय याला?"

म्हटलं कसली शीर.

"पानाला मधली शीर नको का? आणि ही नक्षी बघा, सगळी दगडाच्या कडेपासून आत शिरलीय. भेगेतून पाणी झिरपलं, पाण्यात मँगनीज होतं, ते असं फांद्या फुटल्यासारखं साचत गेलं. डेंड्राइट म्हणतात. झाडाचा काही संबंध नाही जी."

आठशे रुपये. जाऊ द्या.

मग त्याने बॅगेतून पायमोजा काढला आणि पायमोज्यातून राखाडी रंगाचा एक पातळ दगड. कॉलेजच्या कपाटातला, परत द्यायच्या बोलीवर आणलेला. पहिल्यांदा मला काहीच दिसलं नाही. मग त्याने लाइट बंद करून मोबाइलचा टॉर्च दगडाला आडवा धरला आणि एकदम पान उठून आलं, वीतभर नसेल पण जवळपास, जिभेच्या आकाराचं, मधोमध जाड शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना शिरांची बारीक जाळी, मच्छरदाणी ओढून ताणली की भोकं तिरकी होतात ना तशी. टोक तुटलेलं. ग्लॉसोप्टेरिस. ग्रीकमध्ये ग्लॉसा म्हणजे जीभ, टेरिस म्हणजे नेचा. १८२८ मध्ये ब्रोंन्यार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे नाव दिलं आणि त्याला तो नेचाच वाटला होता. निघाला बीजी नेचा, म्हणजे ज्यांना बिया यायच्या अशा आता नामशेष झालेल्या झाडांपैकी एक. मी म्हटलं नेच्यासारखा तर अजिबात दिसत नाही, माझा दगड जास्त दिसतो. तो नुसता हसला.

आता नाशकात राहून एवढं ऐकल्यावर माणूस काय करणार, म्हटलं चल उद्या शोधू आपल्याकडे कुठे मिळतो का. तो म्हणाला नाही मिळणार, पण फिरायला येतो.

सकाळी साडेसहाला अंजनेरी. त्र्यंबक रोडने पाऊण तास लागला, पाऊस भुरभुर, ढग पार खाली आलेले. पायऱ्यांच्या घळीत शिरलो की दोन्ही बाजूंच्या कातळावर नेचेच नेचे, आणि तिथेच जैन लेणं आहे त्याच्या आसपास तर ओलाव्याने भिंत हिरवी दिसत होती. वर पठारावर जाणारे पटापटा पुढे गेले, माकडांनी एकाचा वेफरचा पुडा पळवला, आणि आम्ही दोघं अर्धा तास एका भिंतीपाशी उकिडवे. लोक विचारत होते काही हरवलं का.

तिथे एक लहान नेचा असतो, वरून हिरवा आणि खालून पांढरी पावडर लावल्यासारखा. त्याने त्याचं पान माझ्या मनगटावर दाबलं आणि उचललं तर पांढरा शिक्का, पानाचा एकेक दाता उमटलेला. लहानपणी आम्ही पण करायचो हे, विसरून गेलो होतो. मग पान पालटून दाखवलं, कडेने तपकिरी किनार, त्यात स्पोर. नेच्यांना बी नसतं. स्पोर ओल्या जागी पडतो, त्यातून नखाएवढा हिरवा पापुद्रा उगवतो, आणि त्या पापुद्र्यावर नर पेशीला मादी पेशीपर्यंत चक्क पोहत जावं लागतं. पाणी नाही तर पुढची पिढी नाही. म्हणून ही मंडळी अशी घळीत आणि ओलाव्याला. बी म्हणजे गर्भ, सोबत शिदोरी आणि वरून रेनकोट, कुठेही पडा. बीजी नेचे म्हणजे पानं बहुतेकांची अशी नेच्यासारखी चिरलेली, पण बियाणं बांधून निघालेली.

मी कातळावर थाप मारून विचारलं मग यात का नाही. तर म्हणे हा लाव्हा, वितळलेल्या दगडात पान कुठलं टिकतंय. शिवाय उशीर झाला. आपला हा सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, आणि ग्लॉसोप्टेरिस २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सजीवांचा जो मोठा संहार झाला त्यात संपली. मधे साडेअठरा कोटी वर्षांची गॅप. आपण ज्याला अतिप्राचीन म्हणतो तो अंजनेरीचा डोंगर तिच्या हिशोबात काल-परवाचं बांधकाम.

वर गेलो नाही. ढग होते, दिसलंही नसतं काही.

मिसळ खाल्ली. दही, पापड, वर जिलबी. चंद्रपूरच्या माणसाने दोनदा रस्सा मागवून "तिखट नाही जी" म्हणणं हा नाशिकचा अपमान आहे एवढंच नोंदवतो.

सिन्नरच्या रस्त्याला लागल्यावर मी विचारलं की बरं, नेच्यासारख्या पानांच्या झाडाला बिया होत्या हे कळलं कसं, कारण दगडात पान एकीकडे, बी दुसरीकडे, लाकूड तिसरीकडे, आणि प्रत्येकाला वेगळं नाव दिलेलं. हा किस्सा मला सगळ्यात जास्त आवडला. इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत दगडी गोळे सापडायचे, त्यात झाडांचे तुकडे पेशीन् पेशी शाबूत. ऑलिव्हर आणि स्कॉट या दोघा शास्त्रज्ञांनी त्यातल्या एका बीच्या भोवतालच्या आवरणावर बारीक ग्रंथी बघितल्या, खाली दांडी आणि वर गोल डोकं, टाचणीसारख्या. अगदी तशाच टाचण्या लिजिनोप्टेरिस नावाच्या झाडाच्या पानांवर आणि देठांवर होत्या आणि दुसऱ्या कुठल्याच झाडावर नव्हत्या. बी पानाला चिकटलेलं कुणी बघितलेलं नाही, नुसत्या टाचण्या जुळवून १९०३ मध्ये जाहीर केलं की हे बी या झाडाचं. पोलीस बोटांचे ठसे जुळवतात तसं. गंमत म्हणजे ग्लॉसोप्टेरिसला हाच न्याय मिळायला अजून पन्नास वर्षं लागली, पानालाच जोडलेले बियांचे भाग दक्षिण आफ्रिकेत एडना प्लमस्टेड या बाईंनी दाखवले तेव्हा १९५२ साल उजाडलं होतं.

सिन्नरला गारगोटी म्युझियम बघितलं. मी नाशिकचा असून पहिल्यांदाच गेलो, हे कबूल करायला लाज वाटते. आपल्या याच काळ्या दगडात लाव्हाच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या आणि त्यात नंतर सावकाश स्फटिक वाढले, स्टिल्बाइट, अपोफिलाइट, काही तर केसांसारखे पांढरे. विहीर खोदताना, खाणीत सुरुंग लावताना हे निघतात आणि कितीतरी वर्षं खडी म्हणून रस्त्यात गेले असतील. भाचा इथे माझ्यापेक्षा जास्त रमला. मी उगाच प्रत्येक काचेत पान दिसतंय का बघत होतो. बाहेर आल्यावर म्हटलं, चला, नाशकात बीजी नेचा नाही हे सिद्ध झालं.

"आहे ना मामाजी. एकलहरेला चला."

परतीला नाशिकरोडहून आत वळलो. पाऊस थांबलेला, वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसत होत्या. आत कोण सोडणार, बाहेर रस्त्याला टपरी होती तिथे चहा घेतला. कोळशावर चालणारे २१० मेगावॅटचे तीन संच आहेत इथे, आणि लहानपणापासून या चिमण्या म्हणजे मला फक्त "आलं नाशिकरोड" एवढीच खूण.

भाचा म्हणाला भारतातला जवळजवळ सगळा दगडी कोळसा गोंडवाना नावाच्या जुन्या महाखंडाच्या काळातला. गोंडवाना हे नाव गोंडांच्या प्रदेशावरून, म्हणजे आमच्याकडचंच. तेव्हा भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका एकाला एक चिकटलेले आणि आपण पार दक्षिणेला. आधी बर्फ होता, चंद्रपूरकडे हिमनदीने घासलेले खडक अजून दाखवतात (जिथे मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री असतं तिथे हिमनदी, बहिणीला सांगितलं तर मारेल मला). बर्फ हटल्यावर दलदलीत ग्लॉसोप्टेरिसची जंगलं वाढली, चांगली उंच झाडं, हिवाळा आला की पानं गाळणारी. पाचोळा आणि लाकूड चिखलाखाली दाबलं गेलं, त्याचा कोळसा. पाण्याबरोबर गाळ पण आला म्हणून आपल्या कोळशात राख जास्त, तीस-चाळीस टक्के. आमच्या सोसायटीच्या भिंती राखेच्या विटांच्या आहेत, बिल्डरने कौतुकाने सांगितलेलं. म्हणजे तिची दलदल माझ्या बेडरूमच्या भिंतीत.

चहा पिता पिताच त्याने अंटार्क्टिकाचं सांगितलं. कॅप्टन स्कॉट (हा वेगळा स्कॉट, बियावाला नाही) १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला तर नॉर्वेचा अमुंडसेन आधीच येऊन गेलेला. परतताना हिमनदीच्या काठी त्यांनी दगड गोळा केले, सुमारे सोळा किलो, आणि अन्न संपत आलं, पाय गारठून निकामी झाले तरी स्लेजवरून ते टाकले नाहीत. नोव्हेंबरमध्ये तंबू सापडला, आत तिघांची प्रेतं, जवळ ते दगड, आणि त्यातल्या काहींत ग्लॉसोप्टेरिसची पानं. जी चंद्रपूरला तीच तिकडे. दोन्ही जमिनी कधीकाळी जोडलेल्या होत्या याचा असा पुरावा. मी चहाचा ग्लास तसाच धरून बसलो होतो, टपरीवाला म्हणाला गार झाला, दुसरा देऊ का.

निघताना रस्त्याच्या कडेला चिखलात सुपारीएवढा कोळशाचा तुकडा दिसला, कुठून पडला असेल देव जाणे. पाण्याच्या बाटलीने धुतला. नीट बघितलं तर पट्टे आहेत त्याला, एक काळा काचेसारखा चमकणारा, एक काळा पण मातकट, परत चमकणारा. भाचा म्हणाला चमकतो तो बहुतेक लाकडाचा. पान वगैरे काही दिसत नाही. बोटं मात्र काळी झाली आणि ती मी विसरून तोंड पुसलं.

रात्री नाशिकरोडला त्याला विदर्भ एक्सप्रेसला बसवलं, दगड परत पायमोज्यात. घरी येऊन सुपारीएवढा कोळसा मी शोकेसमध्ये डेंड्राइटच्या शेजारी ठेवला. बायकोने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग शोकेसकडे.

"याचे किती दिले?"